कपाटाचा रंग टिकतो कशावर?

लाकडी कपाटाचा रंग उडालेला असतो, मुठींभोवती काळे डाग पडलेले असतात. तरी आतले लाकूड बहुधा धड असते. असे कपाट घरच्या घरी रंगवता येते. त्याला चार-पाच दिवसांची सवड आणि पूर्वतयारीची चिकाटी लागते. तेलकट किंवा गुळगुळीत पृष्ठभागावर रंग धरत नाही. कितीही महाग असला तरी काही महिन्यांत त्याचे पोपडे निघतात.

आधी कपाट कशाचे आहे ते पाहावे. जुने नक्षीदार सागवानी कपाट रंगाखाली झाकण्यापेक्षा त्याला पॉलिश करणे बरे. साध्या लाकडाला आणि प्लायवूडला इनॅमल, म्हणजे बोलीतला ऑइलपेंट, चांगला बसतो. सनमायका रंग शोषून घेत नाही. तो हलका घासून त्यावर गुळगुळीत पृष्ठभागासाठीचा खास प्रायमर द्यावा लागतो. पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगतो, म्हणून तो फक्त दमट फडक्याने पुसावा. लाकडाला वाळवी लागली असेल, तर तिचा बंदोबस्त रंगाच्या आधी व्हायला हवा.

कपाट फार जुने असेल, तर त्यावरच्या रंगात शिसे असू शकते. केंद्र सरकारच्या २०१६च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले. ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये. पृष्ठभाग ओला करून, पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने घासावा, धूळकणांसाठीचा मास्क लावावा आणि लहान मुले व गरोदर स्त्रियांना तिथून दूर ठेवावे.

कामाची सुरुवात दारे उतरवण्यापासून होते. कड्या, मुठी, बिजागऱ्या काढून स्क्रूंसह पिशवीत ठेवाव्यात आणि कोणते दार कुठले, याची खूण करावी. आडव्या ठेवलेल्या दारावरून रंगाचे ओघळ येत नाहीत. स्वयंपाकघरातले कपाट धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसून तेलकटपणा काढावा, मग स्वच्छ पाण्याचे फडके फिरवावे. हे घासण्याआधीच करायचे. नाहीतर पॉलिश पेपर तेल लाकडात आणखी दाबतो.

पॉलिश पेपरचा आकडा जितका मोठा, तितका तो बारीक. सुटलेला रंग ८० किंवा १२० नंबरने काढावा आणि १८० नंबरने पृष्ठभाग सारखा करावा. हात नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवावा. आडवे घासल्यास पडलेले ओरखडे रंगानंतर अधिक उठून दिसतात. धूळ पुसून लाकडाचा प्रायमर द्यावा. भेगा व खिळ्यांची भोके लांबीने भरायची ती प्रायमर वाळल्यावर. कोरडे लाकूड लांबीतले तेल शोषून घेते आणि लांबी निखळते. प्रायमर ते रोखतो. लांबी वाळली की २२० नंबरने घासून त्या जागांवर पुन्हा प्रायमर लावावा.

रंग किती लागेल, याचा हिशेब सोपा आहे. ६ फूट उंच, ३ फूट रुंद आणि दीड फूट खोल कपाटाचा पुढचा भाग १८ चौरस फूट, दोन्ही बाजू मिळून १८ आणि दारांच्या आतल्या बाजू सुमारे १८, असे ५४ चौरस फूट होतात. एक लिटर इनॅमल एका हाताला साधारण शंभर चौरस फूट पुरतो, म्हणजे दोन हातांना लिटरभराहून थोडा अधिक रंग लागतो.

हात पातळ द्यावेत. तेलयुक्त इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो. जाड थरावर वरून साय धरते, आत रंग ओलाच राहतो आणि सुरकुत्या पडतात. चौकटीच्या दारात आधी मधला खोलगट भाग, मग भोवतीच्या पट्ट्या रंगवाव्यात. पहिला हात पूर्ण वाळला की ३२० नंबर हलका फिरवून, धूळ पुसून दुसरा हात द्यावा. बंद कपाटात उजेड पोहोचत नसल्याने तेलयुक्त पांढरा रंग आतून पिवळा पडतो. तिथे पाण्यात मिसळणारा इनॅमल चांगला, त्याला वासही कमी.

थिनर चटकन पेट घेतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ शेगडी पेटवू नये. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ठेवल्यास आपोआप पेटू शकतात. ती मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत.

पावसाळ्यात हे काम टाळावे. दमट हवेत रंग वाळायला वेळ लागतो आणि फुगलेले लाकूड पुढे आकसले की सांध्यांवर रंग तडकतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सर्वांत सोयीचे. हाताला कोरडा लागणारा रंगही आतून कडक व्हायला आठवडाभर किंवा अधिक घेतो. तोवर फळ्यांवर कागद अंथरू नये, डबे ठेवू नयेत आणि दारे घट्ट लावू नयेत.