नको असलेल्या उन्हाची विल्हेवाट

भर उन्हाळ्यात जोधपूर-जैसलमेरच्या माळावर कैराचे झुडूप पाहिले, तर औषधालाही पान सापडत नाही. तरी झुडूप हिरवेच. कैर म्हणजे आपली नेपती. महाराष्ट्राच्या कोरड्या भागांतही ती उगवते. कोवळ्या फुटव्यांवर थोडे दिवस बारीक पाने येतात आणि गळून जातात. पुढे अन्न तयार करण्याचे काम हिरव्या फांद्याच करतात.

पाने टाकली की पाणी वाचते, हे शाळेत शिकवतात. त्यातून उद्भवणारी दुसरी पंचाईत मात्र फारशी कुणी सांगत नाही. पान उन्हाने होरपळले तर गळते, नवे येते. खोडाला ती सोय नाही. ते वर्षानुवर्षे त्याच उन्हात उभे असते आणि त्याच्या सालीतल्या हरितद्रव्याला समोर आलेला प्रकाश नाकारता येत नाही.

मुळात भरपूर पाणी मिळणारे झाडसुद्धा दुपारच्या उन्हाचा थोडाच भाग वापरू शकते. वाळवंटात तर पाणी राखण्यासाठी रंध्रे मिटलेली असतात. कार्बन डायऑक्साइडची आवक थांबते, प्रकाशाची सुरूच राहते. शोषलेली ही ऊर्जा खर्ची पडली नाही, तर ती ऑक्सिजनकडे वळते. त्यातून तयार होणारी क्रियाशील रूपे पेशींतली प्रथिने आणि पटले नासवतात. थोडक्यात, या झाडांपुढचा प्रश्न ऊन मिळवण्याचा नसून जादा ऊन टाकून देण्याचा आहे.

पहिला उपाय साधा आहे: उभे राहणे. जूनमध्ये जोधपूरला मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. आडव्या पानावर त्याचे किरण थेट आदळतात, उभ्या फांदीला ते घसटून जातात. त्याच फांदीला सकाळी आणि संध्याकाळी, हवा सौम्य असताना, चांगला प्रकाश मिळतो. अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटातल्या सग्वारो निवडुंगाच्या खोडावरचे उभे कंगोरे एकमेकांवर सावली धरतात, शेंड्याला दाट काटे झाकतात. तरीही सग्वारोची कोवळी रोपे बहुधा एखाद्या झाडाच्या आडोशानेच तगतात. हा आडोसा पुष्कळदा पालो वेर्देचा असतो आणि त्या झाडाचेही खोड हिरवेच असते.

एवढे करूनही जो प्रकाश आत शिरतो, त्याचा बंदोबस्त रसायने करतात. हरितलवकांत व्हायोलाझँथिन नावाचे पिवळे रंगद्रव्य असते. प्रकाश अति झाला की हरितलवकांच्या आतल्या पटलांमधली पोकळी आम्लधर्मी होते आणि काही मिनिटांतच व्हायोलाझँथिनपासून झिअॅझँथिन बनू लागते. मक्याच्या दाण्याला पिवळेपणा देणाऱ्या रंगद्रव्यांपैकी हे एक. त्याच्या मदतीने हरितद्रव्याजवळची जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात निघून जाते. ऊन उतरले की ही क्रिया उलट फिरते. हॅरी यामामोटो आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये हे चक्र मांडले. त्याचा संबंध उष्णता टाकण्याशी असावा, हे १९८७ मध्ये बार्बरा डेमिग आणि सहकाऱ्यांनी दाखवले. ही यंत्रणा पालकाच्या पानातही असते. निवडुंगाच्या खोडाला मात्र दुष्काळात तिच्यावर फार विसंबावे लागते.

निवडुंगांकडे आणखी एक युक्ती आहे. ते रात्री रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा, रंध्रे बंद असताना, तोच वायू आत मोकळा होतो आणि प्रकाशाला काम मिळते. आपल्याकडे कुंपणाला लावतात त्या मूळच्या आफ्रिकी शेराची पाने चिमुकली आणि अल्पायुषी. रात्रीची ही साठवण त्याची हिरवी कांडी करते. दुष्काळ लांबला तर निवडुंग रंध्रे रात्रीही उघडत नाही आणि श्वसनातून निघालेला वायूच पुन्हा पुन्हा वापरतो. त्या काळात वाढ थांबते, पण खोड जिवंत राहते.

जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात टाकणाऱ्या यंत्रणेत शेतीशास्त्रज्ञांना रस आहे तो वेगळ्या कारणाने. ऊन जाऊन सावली आली तरी पिकांमधली ही संरक्षक यंत्रणा सावकाश बंद होते आणि तेवढा वेळ उपयोगी प्रकाशही वाया जातो. इलिनॉय विद्यापीठातल्या स्टीफन लाँग यांच्या गटाने २०१६ मध्ये जनुकबदल करून ती लवकर बंद होणारी तंबाखूची रोपे तयार केली. शेतातल्या चाचणीत त्यांचे वजन सुमारे १५ टक्क्यांनी जास्त भरले. २०२२ मध्ये याच गटाने सोयाबीनवरच्या चाचण्यांचे निष्कर्षही प्रसिद्ध केले.