विश्लेषण : परदेशातून पैसे मागवताना ‘स्विफ्ट कोड’ कशाला?

दुबईत नोकरी करणारा मुलगा फोनवर सांगतो, ‘‘बाबा, आपल्या बँकेचा स्विफ्ट कोड पाठवा.’’ बाबा पासबुक उघडतात आणि पहिल्या पानावरचा अकरा अक्षरांचा कोड व्हॉट्सअॅप करतात. तो असतो आयएफएससी! हा घोळ अनेक घरांत होतो.

दोन्ही कोड ओळखायचे कसे?

आयएफएससी देशांतर्गत एनईएफटी, आरटीजीएससाठी असतो. त्यात पाचव्या जागी नेहमी शून्य असतो. स्विफ्ट कोड, म्हणजेच बीआयसी, आठ किंवा अकरा अक्षरांचा असतो. स्टेट बँकेचे उदाहरण घ्या : ‘एसबीआयएन-आयएन-बीबी’. पहिली चार अक्षरे बँकेची, पुढची दोन देशाची, नंतरची दोन ठिकाणाची, इथे मुंबईची. आणखी तीन असतील तर ती शाखेची. म्हणजे भारतीय बँकेच्या कोडमध्ये पाचवे-सहावे अक्षर ‘आयएन’ हवेच.

मात्र पैसे एक्स्चेंज हाऊस किंवा अॅपमधून येणार असतील, तर बऱ्याचदा आयएफएससीच मागितला जातो. कारण त्यांचा शेवटचा टप्पा भारतातल्या भारतात पार पडतो. त्यामुळे पैसे कशातून पाठवतोस, हे मुलाला आधी विचारलेले बरे.

‘स्विफ्ट’ पैसे पाठवते का?

नाही. ती फक्त निरोप पाठवते. बेल्जियममधली ही संस्था 1973 मध्ये स्थापन झाली. आज 200 हून अधिक देशांतल्या 11 हजारांहून अधिक संस्था तिच्या जाळ्यात आहेत. पैशांची खरी देवघेव बँकांच्या एकमेकांकडील खात्यांत होते. डॉलर पाठवले, तर ते साधारणपणे भारतीय बँकेच्या अमेरिकेतल्या खात्यात जमा होतात आणि इथे ग्राहकाला रुपये मिळतात. दोन बँकांचा थेट संबंध नसेल तर मध्ये तिसरी बँक येते आणि तीही आपले शुल्क कापू शकते. पाठवली तेवढी रक्कम पोहोचत नाही, ती यामुळेच. पूर्ण रक्कम पोहोचायला हवी असेल, तर पाठवणाऱ्याने शुल्काच्या रकान्यात ‘ओयूआर’ निवडावे; ‘एसएचए’ निवडल्यास शुल्क दोघांत विभागले जाते.

कोड चुकला तर?

अस्तित्वातच नसलेला कोड यंत्रणा सहसा लगेच नाकारते. खरा त्रास होतो तो कोड दुसऱ्याच बँकेचा निघाला तर. निरोप तिथे जातो, खाते जुळत नाही आणि पैसे परत फिरतात. त्यात दिवस जातात, शुल्क कापले जाते, शिवाय तोवर चलनाचा दरही बदललेला असतो.

गावच्या शाखेला कोडच नसेल तर?

घाबरू नये. बहुतेक शाखांना स्वतंत्र स्विफ्ट कोड नसतो. बँकेच्या मुख्य किंवा परकीय चलन शाखेचा कोड द्यायचा; पुढे खाते क्रमांकावरून पैसे आपल्या खात्यात येतात. नागरी सहकारी बँकेत खाते असेल तर मात्र आधी चौकशी करा. अनेक सहकारी बँकांकडे परकीय चलन व्यवहारांचा परवाना नसतो.

युरोपातल्या बँकेच्या फॉर्मवर ‘आयबॅन’चा रकाना दिसेल. भारतात आयबॅन वापरतच नाहीत. तिथे आपला नेहमीचा खाते क्रमांक लिहावा. कोड गुगलवर शोधण्याऐवजी शाखेतून लेखी मागून घ्या. परदेशातून येणाऱ्या पैशांसाठीच्या सूचनांचा छापील कागद बऱ्याच बँकांकडे तयार असतो.