वाळवंटातलं वल्हं

वाचकहो, यंदाच्या उन्हाळ्यात किती दिवस तुम्ही मोकळ्या हवेत अर्धा तास चाललात, ते मनाशी प्रामाणिकपणे मोजून पाहा. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२ ते ३ कामगारांना उन्हात राबवायला इथे बंदी आहे. रात्री दहाला दम्माम किंवा जेद्दाच्या किनाऱ्यावर जावं, तर दमट हवेने सदरा अंगाला चिकटतो. मग उरतं ते एसी घर, एसी गाडी, एसी ऑफिस आणि शुक्रवारची बिर्याणी. पन्नाशीच्या आत साखर आणि रक्तदाब घेऊन फायनल एग्झिटवर परतलेले आपले लोक तुम्हीही पाहिले असतील. व्हिजिट व्हिसावर आलेल्या आईवडिलांचे तर आणखी हाल. गावी रोज पहाटे फिरायला जाणारी माणसं इथे तीन महिने सोफ्यावर बसतात आणि आखडलेले गुडघे घेऊन परत जातात.

म्हणून घरात ट्रेडमिल येते, आणि दोन महिन्यांनी तिच्यावर टॉवेल वाळू लागतात. मी तुम्हाला सुचवणार आहे ते रोइंग मशीन, म्हणजे होडी वल्हवण्याचं यंत्र. या देशात बारमाही वाहणारी एकही नदी नाही, इथे वल्हं कशाला, असं वाटेल. पण टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात सौदीचा झेंडा धरणाऱ्या दोघांपैकी एक होता हुसेन अलीरझा, रोइंगचाच खेळाडू. आणि आपला दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, म्हणजे टंचाईच्या मुलखातला. वडिलांबरोबर विहिरी खोदलेल्या या मुलाने सैन्यात गेल्यावर वल्हं हातात घेतलं. २०१६ साली रिओत तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्याने सुवर्णपदक मिळवलं. होडी पाण्यात घालता येत नाही तेव्हा जगभरचे खेळाडू याच यंत्रावर बसतात. आज सर्वांत जास्त दिसणाऱ्या हवेच्या यंत्राचा पहिला नमुना १९८१ मध्ये अमेरिकेत व्हरमाँटच्या ड्रायसिगॅकर बंधूंनी बाजारात आणला. त्यात सायकलचं चाक होतं!

आता माझा जुना विषय. वर्गातून निवृत्त झालो तरी सवय जात नाही, तेव्हा थोडं सोसा. पडद्यावर ५०० मीटरला लागणारा वेळ दिसतो. ३ मिनिटं दिसत असतील तर तुम्ही सुमारे ६० वॉट शक्ती लावता आहात. अडीच मिनिटं म्हणजे सुमारे १०४, आणि २ मिनिटं म्हणजे २०३. वेग दुप्पट हवा तर शक्ती आठपट लागते. म्हणजे शेवटचे काही सेकंद कमी करायला घाम गाळावा लागतो, पण सावकाश वल्हवणाऱ्यावर यंत्र अजिबात जुलूम करत नाही. तुम्ही जेवढं ओढाल तेवढंच ते विरोध करतं. एकाच यंत्रावर सकाळी आजोबा आणि संध्याकाळी नातू बसू शकतात, ते यामुळे. मी सत्तरी ओलांडली आहे. तीन मिनिटांच्या आसपास रमतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

पंख्याच्या बाजूला १ ते १० आकड्यांचा खटका असतो. नवा माणूस हमखास तो १० वर नेतो आणि आठवड्यात कंबर धरून बसतो. हे सायकलच्या गिअरसारखं आहे. ३ ते ५ वर ठेवा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. रहाटावरून पाणी शेंदल्यासारखं हातांनी ओढू नका. ही बसल्याबसल्या मारलेली बैठक आहे. आधी पायांनी रेटा, पाय सरळ होत आले की कमरेतून धड किंचित मागे न्या, आणि सर्वांत शेवटी हात छातीच्या खालच्या बाजूला आणा. परतताना उलटा क्रम: हात, धड, मग गुडघे. रेटण्याला जितका वेळ, त्याच्या दुप्पट परतायला. मिनिटाला १८ ते २२ हिसके पुरेत. पहिले पंधरा दिवस रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. श्वास कोंडू नका, विशेषतः रक्तदाब असेल तर. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, मणक्याची गादी सरकलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसूच नये.

घेताना आधी जमिनीवर आठ फूट बाय दोन फुटांची चादर अंथरून बघा. एवढी जागा मजलिसमध्ये निघते का, आणि घरातली बाई ती देईल का, हे दुकानात जाण्यापूर्वी ठरलेलं बरं. मग सीटची उंची पाहा. नेहमीच्या यंत्राचं आसन जमिनीपासून साधारण ३६ सेंटीमीटरवर असतं, उंच पायांच्या यंत्राचं ५१. आईवडिलांसाठी घेणार असाल तर उंचच घ्या. पाटावरून उठायला त्रास होतो त्याला ते पंधरा सेंटीमीटर फार मोठे असतात. हवेचं यंत्र आवाज करतं, त्यामुळे घर झोपलेलं असताना पहाटे वल्हवणार असाल तर चुंबकाचं बरं, ते जवळजवळ मुकं असतं. पाण्याच्या टाकीचं सर्वांत देखणं, आवाजही नदीसारखा, पण टाकीत शेवाळ धरू नये म्हणून अधूनमधून गोळी टाकावी लागते. हायड्रॉलिक नळकांड्यांचं स्वस्त यंत्र मात्र मी कुणाला सुचवणार नाही. त्याची हालचाल खऱ्या वल्ह्यासारखी नसते आणि नळकांडी तापली की जोर कमी लागतो.

हवेच्या यंत्राला भिंतीत खुपसायची वायर नसते, पडदा बॅटरीवर चालतो. इथली ६० हर्ट्झची वीज आणि भारतातली ५० यांची चिंता परतताना उरत नाही. बहुतेकांचे दोन भाग सुटे होतात. फायनल एग्झिटवर निघालेल्या कुटुंबाकडून जुनं मिळालं तर उत्तमच, कारण नव्यावर १५ टक्के व्हॅट आहे. फक्त स्वतः बसून पाहा. सीट अडखळत नाही ना, मूठ सोडली की साखळी झटकन आत जाते ना, पडदा उजळतो ना.

इथल्या धुळीचं काय करायचं? रूळ रोज फडक्याने पुसा. पंख्याच्या जाळीत धूळ साचली की हवा कमी शिरते, यंत्र हलकं लागतं, आणि आपणच तगडे झालो असं वाटतं! साखळीला दर पन्नास तासांच्या वापरानंतर तेल द्यायचं असतं. रोज वीस मिनिटं धरली तर पाच महिने झाले. नरकचतुर्दशीला स्वतःच्या अभ्यंगाबरोबर साखळीलाही थेंबभर तेल दिलंत, तर पुढची पाळी गुढीपाडव्याच्या सुमाराला येईल.