लिथियम आणि रक्ततपासणी
द्विध्रुवी विकारावर (अतिउत्साह आणि नैराश्य यांचे झटके आणणारा मानसिक आजार) लिथियम दिले जाते. उन्मादावरचा त्याचा उपयोग १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड यांनी मांडला. वारंवार रक्त तपासतात म्हणजे आजार बळावला, असा घरच्यांचा समज होतो. प्रत्यक्षात ती रक्तातल्या औषधाची मोजणी असते. हे प्रमाण आमटीतल्या मिठासारखे: पाणी आटले की तेवढेच मीठ जास्त होते. त्यामुळे जुलाब, निर्जळी उपवास किंवा कडक उन्हात नेहमीची मात्राही बाधू शकते. नमुना शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी घेतात. ‘सकाळची गोळी घेतली नाहीत ना?’ असे नर्स त्यासाठीच विचारते. हात फार थरथरले, उलट्या झाल्या किंवा तोल जाऊ लागला, तर पुढची गोळी घेण्याआधी तातडीने डॉक्टरांना गाठावे.