जुन्या गाडीला नवे गिअर : आधी दात मोजा, मग पाना उचला

गेल्या रविवारी आमच्या चाळीतला एक मुलगा मोबाईल घेऊन आमच्याकडे आला. आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "काका, हे बघा," म्हणाला. पाहतो तर अमेरिकेतली जुनी शेवरले. गोल फुगीर बोनेट, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. अमेरिकेत अशा पिकअपलाही ट्रकच म्हणतात. सत्तर वर्षांची गाडी, आणि मालक तिच्यातून रोज कामावर जातो. मुलाचा प्रश्न असा होता, "गाडी चांगली चालत होती ना? मग ह्याने गिअर बॉक्स का बदलला? मागचे क्राऊन-पिनियन का उघडले?"

प्रश्न रास्त होता. आम्ही त्याला चहा दिला आणि कागद-पेन्सिल काढायला सांगितली. त्या दिवशी जे बोलणे झाले ते इथे लिहीत आहोत, कारण आपल्या घराघरांतून गॅरेजात, वर्कशॉपात, गाडीवर काम करणारी माणसे आहेत. आणि दुसरे एक कारण आहे, ते पुढे येईलच.

आधी त्या गाडीची ओळख. शेवरले ३१०० ही अर्ध्या टनाची गाडी १९४७ साली बाजारात आली आणि थोड्याफार फरकाने १९५५ पर्यंत निघत राहिली. शेवरले हे नाव मुंबईला परके नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता, तो १९५४ पर्यंत चालला. शेवरलेचे ट्रक तिथे जोडले जात. जुन्या लोकांच्या तोंडी "शेवरलेट" हे नाव अजून असते ते त्यामुळेच.

ही गाडी बांधली ती शेतकऱ्यासाठी आणि दुकानदारासाठी. दाण्याची पोती, दुधाचे कॅन, कच्चा रस्ता, ताशी साठ-सत्तर किलोमीटरचा वेग. अमेरिकेतल्या मोठ्या हमरस्त्यांचा कायदा झाला १९५६ साली, म्हणजे ही गाडी बंद झाल्यानंतर. तेव्हा आज शंभरच्या वेगाने वाहणाऱ्या रस्त्यावर तिला उतरवले तर बिचारीचा दम लागतो. वेगात ती मागे पडते म्हणून मागून येणारी वाहने अंगावर येतात, आणि वेग धरावा तर इंजिन किंचाळते. दोष गाडीचा नाही, काम बदलले आहे.

आता हिशेब. सायकल डोळ्यासमोर आणा. पायडलजवळ मोठे चक्र, मागच्या चाकाला लहान चक्र. पाय एकदा फिरला की चाक दोनअडीच वेळा फिरते. मोटारीत याच्या उलट असते. इंजिन पुष्कळ फिरते आणि चाक कमी फिरते, त्यामुळे जोर मिळतो. शेवरले ३१०० च्या मागच्या एक्सलमध्ये पिनियनला ९ दात आणि क्राऊनला ३७ दात. ३७ ला ९ ने भागा, ४.११ येतात. म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिनाचे ४.११ फेरे झाले की चाकाचा एक फेरा.

मूळचा टायर सुमारे २८ इंच उंचीचा, म्हणजे त्याचा घेर २.२३ मीटर. ताशी १०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १६६७ मीटर. मुलाने भागाकार केला : चाकाचे मिनिटाला सुमारे ७४६ फेरे. त्याला ४.११ ने गुणले तर इंजिनाचे ३०६६ फेरे. "एवढे काही जास्त नाहीत काका, आजची इंजिने तर सहा हजारही मारतात," तो म्हणाला.

इथेच नवा मेकॅनिक फसतो. आजचे इंजिन आणि ते इंजिन एक नव्हे. शेवरलेचे २१६ घनइंची, म्हणजे साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन सुमारे ९० अश्वशक्तीचे. ती पूर्ण शक्ती ३३०० फेऱ्यांवर मिळते. म्हणजे शंभरच्या वेगाला इंजिन आपल्या शेवटच्या पायरीजवळ उभे असते. त्यात त्याच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंग व्हाईट मेटलची, ओतून केलेली. त्यांना आजच्यासारखे पंपाच्या पूर्ण दाबाचे तेल मिळत नाही. रॉडच्या खालच्या टोकाला एक लहानशी पळी असते, ती फिरता फिरता तेल उचलून घेते. दिवसभर सावकाश चालणाऱ्या गाडीला ही रचना उत्तम आहे. त्या इंजिनांनी लाखो माणसांची पोटे भरली. पण तासन् तास तीन हजार फेऱ्यांवर ते इंजिन धरणे म्हणजे बैलाला घोड्याच्या टांग्याला जुंपणे. १९५४ साली या ट्रकांना २३५ घनइंची, पूर्ण दाबाच्या तेलाचे इंजिन मिळाले. ते जास्त सोसते, पण त्याचीही जागा तीन हजारावर रोजची नव्हे.

म्हणून फेरे उतरवायचे. ते तीन ठिकाणी उतरवता येतात.

सर्वांत स्वस्त जागा म्हणजे टायर. उंच टायर घातला की त्याच प्रमाणात इंजिन सावकाश होते. पण २८ ऐवजी साडेएकोणतीस इंच घातला तरी फरक पाचच टक्के, आणि स्टिअरिंग जड होते. टायर तसेही बदलायचेच असतील तर बघावे, नाहीतर त्यावर भिस्त ठेवू नये.

दुसरी जागा क्राऊन-पिनियन. ४.११ काढून ३९ आणि ११ दातांची, म्हणजे ३.५५ ची जोडी बसवतात. शंभरच्या वेगाला ३०६६ चे २६५० फेरे होतात. चारशे फेऱ्यांचा हा फरक कानाला लगेच कळतो, खिडकी उघडी ठेवून बोलता येते. गाडीच्या मूळ सांगाड्याला फारसा हात लागत नाही म्हणून पुष्कळ मालक इथेच थांबतात, आणि आमच्या मते ज्याच्याजवळ मूळचे तीन गिअरचे इंजिन-बॉक्स सुस्थितीत आहे त्याने इथेच थांबावे. मात्र जोडी ही जोडीनेच येते. एका जोडीचा क्राऊन आणि दुसऱ्या जोडीचा पिनियन कधी जमत नाही, आयुष्यभर रडत राहतो. बसवताना दातांवर रंग लावून खूण दाताच्या मध्यावर उमटते का ते पाहावे लागते. हे काम घाईचे नाही.

तिसरी जागा गिअर बॉक्स, आणि खरी गंमत इथे आहे. मूळच्या तीन गिअरमधला पहिला गिअर सिंक्रोमेशचा नाही, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारावा लागतो. काही गाड्यांना चार गिअरचा जड बॉक्स असे, त्याचा पहिला गिअर ७.०५ चा. त्यात गाडी माणसाच्या चालीने चालते, चिखलातून ओझे ओढते. पण चौथा गिअर सरळच, म्हणजे १ ला १. हमरस्त्यावर त्याचा उपयोग शून्य. म्हणून तिकडचे लोक १९८० च्या दशकातला बोर्ग-वॉर्नर कंपनीचा टी-५ हा पाच गिअरचा बॉक्स बसवतात. शेवरलेच्याच एस-१० या लहान पिकअपमध्ये तो येत असे, आणि त्याचा दांडा पुढच्या बाजूला असल्याने जुन्या गाडीच्या सलग बाकड्यासमोर नीट येतो. पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह. ०.७३ चा धरला तर ४.११ गुणिले ०.७३ म्हणजे ३.००. शंभरच्या वेगाला २२३८ फेरे. आणि सुरुवातीच्या गिअरांत एक्सलचा जुना जोर कायम.

मुलगा लगेच म्हणाला, "मग दोन्ही बदलू. ३.५५ पण आणि पाचवा गिअर पण."

हा मोह सगळ्यांनाच होतो. गुणाकार करा : २.५९. शंभरला १९३३ फेरे, आणि साठच्या वेगाला साडेअकराशे. तेवढ्यात इंजिनात ओढ राहत नाही. जरा चढ आला, समोरून वारा आला की गाडी थरथरते आणि चौथा टाकावा लागतो. मग पाचवा नुसता शोभेचा. सावकाश फिरणाऱ्या इंजिनावर पाय दाबून ओढ मागणे हेही बेअरिंगला वाईटच. दोनांपैकी एक बदला, आणि कोणते ते कागदावर ठरवा.

आणखी एक अडचण आहे. १९५४ पर्यंतच्या या गाडीचा प्रॉपेलर शाफ्ट उघडा नसतो, एका जाड नळीत बंद असतो. ती नळी मागे एक्सलला घट्ट आणि पुढे गिअर बॉक्सच्या पाठीला टेकलेली. चाके गाडीला ढकलतात तो धक्का या नळीतूनच पुढे येतो. टी-५ ला तशी पाठ नाही. म्हणजे पाच गिअरचा बॉक्स हवा तर नळी काढा, उघडा शाफ्ट घाला, त्याला चालणारा दुसऱ्या गाडीचा मागचा एक्सल शोधा, स्प्रिंगच्या बैठका वेल्ड करा, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन जुळवा, नाहीतर गाडी कंप पावते. नवा एक्सल घेतानाही त्याचे दात मोजून घ्या. लोक हौसेने बॉक्स आणतात आणि मग नळी पाहून सहा महिने गाडी जॅकवर राहते.

इंजिनाच्या बाजूलाही काम आहे. क्लच प्लेटचे आतले दात नव्या शाफ्टशी जुळले पाहिजेत. बेल हाऊसिंगचे भोक क्रँकच्या मध्याशी नेमके आले पाहिजे. ते डायल गेजने तपासतात. केसभर फरक राहिला तर गिअर आपोआप निसटतो, पुढचे बेअरिंग ओरडते, आणि मालक म्हणतो बॉक्सच खराब दिला. आयटीआयत डायल गेज हातात देतात तेव्हा मुले कंटाळतात. इथे त्याची किंमत कळते.

आता ते दुसरे कारण.

१९९३ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा नाशिक रस्त्यावरच्या एका गॅरेजात मिस्त्री होतो. एक भाजीवाला जुन्या जीपचा पिकअप घेऊन आला, मागच्या दोन चाकांवर चालणारा. नाशिकहून कल्याणला माल आणायचा. "मिस्त्री, गाडी पळत नाही, बाजार चुकतो," म्हणाला. त्याच्या एक्सलला ५.३८ चा रेशो होता. आम्ही ४.८८ चे क्राऊन-पिनियन मिळवले, दोन रात्री बसून बसवले. काम सुंदर झाले होते, आवाज नाही, गळती नाही. तो खूश, आम्ही खूश. ब्रेकला हात लावला नाही, कारण त्याने सांगितले नव्हते आणि पैसे संपले होते. वेगाचा काटा तर आमच्या डोक्यातही आला नाही.

त्या जीपचा काटा गिअर बॉक्सच्या मागून चालतो, चाकावरून नव्हे. एक्सल बदलला हे त्याला ठाऊकच नसते. काटा ६० दाखवी तेव्हा गाडी ६६ ने जात असे. त्यातून, पूर्वीच्याच गिअरमध्ये इंजिनाची धर आता कमी. उतारावर गाडीला इंजिन धरून ठेवते, ते याच दातांच्या जोरावर. तिसऱ्या आठवड्यात भरल्या गाडीने तो कसारा घाट उतरत होता, नेहमीच्या गिअरमध्ये, काट्यावर नेहमीचा आकडा बघत. ड्रम तापले, पायाखाली ब्रेक राहिला नाही. शहाणा माणूस, त्याने गाडी दरीकडे न जाऊ देता डोंगराच्या अंगावर घातली. एक पाय मोडला. तीन महिने घरात पडून होता, आणि ते तीन महिने त्याच्या बायकोने टोपली डोक्यावर घेऊन दारोदार भाजी विकली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या बाईने आम्हाला पाणी दिले. आम्हाला कोणी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

म्हणून आम्ही त्या मुलाच्या कागदावर पहिल्या ओळीला ब्रेक लिहिले. त्या शेवरलेलाही हेच लागू. चारही चाकांना ड्रम, आणि मास्टर सिलिंडर एकाच खणाचा. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. १९५१ पासून तिला पूर्वीपेक्षा चांगले बेंडिक्सचे ब्रेक आले, तरी पाइपलाइन एकच राहिली. वेग वाढवायचा असेल तर आधी दोन खणांचा मास्टर सिलिंडर, नवे रबरी होज, ड्रम गोल करून घेणे, आणि जमल्यास पुढच्या चाकांना डिस्क. गिअरचे पैसे त्यानंतर. काट्याचाही हिशेब मुलाकडून करवून घेतला. ४.११ जाऊन ३.५५ आले की काटा ८० दाखवताना गाडी ९२-९३ ने धावते. गिअर बॉक्समधले काट्याचे लहानसे दातेरी चाक बदलले की हे दुरुस्त होते. आणि ओव्हरड्राइव्ह हा सपाटीचा गिअर. उतार लागण्याआधी तो सोडायचा, उतारावर गेल्यावर नव्हे.

आपल्याकडे कोणी असे करू म्हणेल तर आधी आरटीओत विचारावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार मनाला येईल तसा करता येत नाही. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवली तर ती प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती यांसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या कामाला नाही.

मुलाने कागद घडी करून खिशात ठेवला. जाताना चाळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या टेम्पोपाशी थांबला, बहिणीकडून सुतळी मागून घेतली आणि मागच्या टायरचा घेर मोजू लागला. टेम्पोवाला ओरडला, "काय रे, काय चाललंय?" तर म्हणाला, "काही नाही मामा, तुमचा काटा खरं बोलतो का ते बघतोय."