पत्र पोचलं असतं तरी

शोकांतिकांची उलटतपासणी : लेखांक 5

'रोमिओ आणि ज्युलिएट'मधलं पत्र का पोचलं नाही, हे परभणीकरांना फोड करून सांगायला नको. पत्र घेऊन निघालेला फ्रायर जॉन सोबतीसाठी दुसऱ्या साधूला शोधायला गेला आणि साथीच्या संशयावरून पहारेकऱ्यांनी दोघांना घरातच कोंडलं. मार्च 2020 मध्ये जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, तेव्हा गंगाखेडहून शेजारच्या परळीला जाणंही अवघड झालं होतं. ज्युलिएट मेलेली नाही, औषधाने निजली आहे, बेचाळीस तासांनी उठेल, एवढाच निरोप मांटुआला जायचा होता. तो गेला नाही, म्हणून दोघं गेली; दोष नशिबाचा. परीक्षेच्या पेपरात हे उत्तर खपून जातं. पण चोरून निरोप धाडण्याची वेळ त्यांच्यावर आणली कुणी?

या खटल्याचा एक निकाल शेक्सपिअरच्याही आधी लागला होता. नाटक 1595 च्या सुमाराचं, त्याचा आधार आर्थर ब्रुकचं 1562 चं दीर्घकाव्य. ब्रुकने प्रस्तावनेतच प्रेमिकांना आरोपी केलं: आईबापांचं ऐकलं नाही, भलत्यांच्या सल्ल्याला लागले, मेले. काव्याच्या शेवटी शिक्षाही वाटल्या. दाईला हद्दपारी, विष विकणाऱ्याला फाशी. वैर पोसणाऱ्या दोन्ही घरांच्या कर्त्यांना काही नाही. शेक्सपिअरने ब्रुकची काही महिन्यांची गोष्ट रविवार ते गुरुवारमध्ये कोंबली आणि मुलीचं वय सोळावरून चौदाच्या आत आणलं. एवढ्याशा पोरीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला जीभ रेटत नाही.

मग बाप पाहू. पहिल्या अंकात कॅप्युलेट ज्युलिएटला मागणी घालणाऱ्या पॅरिसला सांगतो की दोन वर्षं थांबा, आधी तिचं मन वळवा, तिच्या पसंतीतच माझा होकार आहे. कुणालाही शहाणा वाटावा असा माणूस. तिसऱ्या अंकात बायकोचा भाचा टिबाल्ट मारला जातो आणि हाच माणूस सोमवारी रात्री गुरुवारचं लग्न ठरवून टाकतो. पोरगी नाही म्हणते, तर रस्त्यावर उपाशी मर म्हणतो. पुढे तिने खोटा होकार दिल्यावर खूश होऊन गुरुवारचं लग्न बुधवारवर आणतो. त्यामुळे तिला औषध एक रात्र आधी प्यावं लागतं. पत्र परत आल्यावर ते धाडणारा फ्रायर लॉरेन्स पुन्हा लिहायला निघतो, पण त्यासाठी लागणारा दिवस बापाने आधीच खाल्लेला असतो. माझ्या मते नाटकातला सगळ्यात मोठा पुरावा हाच आहे, आणि तो साथीच्या गोंगाटात हरवतो.

फ्रायर लॉरेन्सची खोली म्हणजे त्या दोघांची आळंदी. लग्नाने वैर मिटेल, हा त्याचा हेतू खोटा नव्हता. पण थडग्यात पहारेकऱ्यांची चाहूल लागताच तो ज्युलिएटला प्रेताजवळ सोडून पळाला, याला माफी नाही. गुपचूप लग्न लावलं म्हणून मात्र मी त्याला दोष देणार नाही. आपल्याकडे 1954 च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लागते आणि हरकतींसाठी तीस दिवस जातात. घरच्यांच्या भीतीने लपणाऱ्यांची नावं सरकारी फलकावर! मग जिंतूर-पालमची पोरं आळंदीची गाडी धरतात, यात नवल कसलं?

शेवटच्या प्रवेशात राजा एस्कलस कबूल करतो की तुमच्या भांडणाकडे मीही डोळेझाक केली आणि माझे दोन नातलग गमावले. सत्ताधारी असं बोलतो तिथे मी थबकतो. 27 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात हीच डोळेझाक कर्तव्यात कसूर ठरवली: जोडप्यांना संरक्षण द्या, जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष काढा, चोवीस तासांची हेल्पलाइन ठेवा, कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्यावर खात्याने कारवाई करावी. परभणीत एस्कलसची खुर्ची पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात आहे.

पत्र पोचलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर नागराज मंजुळेंनी 2016 मध्ये 'सैराट'मध्ये दिलं. तिथे निरोप पोचतो. आर्ची आईला फोन करते आणि पुढे भाऊ माणसांसह भेटवस्तू घेऊन हैदराबादला दारात उभा राहतो. (भावाचं नाव प्रिन्स, मूळ नाटकातल्या एस्कलसच्या पदवीसारखं. योगायोग असेल.) वेरोनात निरोप हुकला म्हणून दोघं मेली, इथे लागला म्हणून.

राहिला विष विकणारा. चाळीस डुकाटांसाठी कायदा मोडणारा, भुकेने खंगलेला माणूस. ब्रुकने त्याला फासावर चढवलं होतं. शेक्सपिअरचा राजा रोमिओच्या पत्रात त्याच्याविषयी वाचतो, पण त्याला धरून आणा असं म्हणत नाही. कुणाला माफी, कुणाला शिक्षा ते पुढे बघू, एवढंच सांगतो. त्याआधी रोमिओचा बाप माँटेग्यू याने ज्युलिएटचा सोन्याचा पुतळा उभारायचं जाहीर केलेलं असतं आणि कॅप्युलेटनेही रोमिओचा तसाच पुतळा कबूल केलेला असतो.

पुढच्या आठवड्यात 'एकच प्याला'मधला तळीराम.