७०७ वरून १,०२५ : सुपरचार्जर मोठा करताना काय काय बदलावं लागतं

डॉज कंपनीने २०१५ च्या मॉडेलवर्षासाठी चॅलेंजर हेलकॅट आणली, तेव्हा तिच्या ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची ताकद होती ७०७ हॉर्सपॉवर. २०१८ च्या चॅलेंजर डेमनमध्ये हा आकडा ८४० झाला आणि २०२३ मध्ये आलेल्या डेमन १७० ने थेट १,०२५ गाठले. तीनशेहून जास्त हॉर्सपॉवर वाढली, पण इंजिन ६.२ लिटरचंच राहिलं आणि सिलेंडरही आठच राहिले. वरून पाहणाऱ्याला दिसणारा मोठा बदल एकच होता : इंजिनाच्या माथ्यावर बसलेला सुपरचार्जर. आधी तो २.४ लिटरचा होता, मग २.७ चा झाला आणि शेवटी ३.० लिटरचा.

एवढं वाचून कुणालाही वाटेल, की जुना सुपरचार्जर काढा, मोठा बसवा, काम झालं. अमेरिकेत मसल कार बाळगणारे अनेक हौशी मालक याच समजुतीने सुरुवात करतात आणि त्यांतल्या काहींच्या हाती शेवटी वितळलेला पिस्टन येतो. डॉजने त्या सुपरचार्जरच्या खाली, पुढे आणि मागे काय काय बदललं याची यादी पाहिली, की ताकद नेमकी कुठून येते आणि इंजिन कुठे दगा देतं, हे दोन्ही कळतं.

सुरुवात हवेपासून करायला हवी. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे किलोभर हवेत जेमतेम ६८ ग्रॅम पेट्रोल जळतं. पेट्रोल जास्त ओतणं सोपं असतं, खरी अडचण हवेची. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदाच आपल्या आकारमानाएवढी हवा ओढतं. त्यामुळे ६.२ लिटरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर फार तर १८,६०० लिटर हवा आत जाते. तीही वातावरणाचा दाब जेवढी ढकलेल तेवढीच, आणि समुद्रसपाटीला तो दाब असतो १४.७ पीएसआय. सुपरचार्जर या दाबात भर घालतो. त्या भरीलाच बूस्ट म्हणतात. हेलकॅटचा बूस्ट ११.६ पीएसआय होता, म्हणजे सिलेंडरच्या दाराशी एकूण दाब सुमारे २६ पीएसआय. डेमन १७० मध्ये बूस्ट २१.३ पर्यंत गेला आणि एकूण दाब वातावरणाच्या जवळपास अडीचपट झाला.

हे यंत्र मोटारीसाठी जन्मलेलंच नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, कॉनर्सव्हिल गावात राहणाऱ्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० मध्ये हवा ढकलणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात दोन फिरकी दांडे, म्हणजे रोटर, एकमेकांत अडकून फिरतात आणि हवा एका बाजूने दुसऱ्या बाजूला ढकलतात. लोखंडाच्या भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवायला ते वापरलं गेलं. पुढे जनरल मोटर्सने १९३८ पासून बनवलेल्या ७१ मालिकेच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांवर रूट्स जातीचेच ब्लोअर बसवले. दुसऱ्या महायुद्धानंतर भंगारात निघालेले हे ब्लोअर कॅलिफोर्नियातल्या हॉट-रॉडवाल्या पोरांनी आपल्या व्ही-८ इंजिनांवर चढवले. ‘६-७१’ हे नाव तिथूनच रुळलं : सहा सिलेंडर, प्रत्येकी ७१ घन इंचांचे.

कंपन्याही मागे नव्हत्या. फोर्डने १९५७ च्या थंडरबर्डची सुपरचार्जर बसवलेली ३०० हॉर्सपॉवरची आवृत्ती काढली होती. पाँटिअॅक जीटीओने १९६४ मध्ये मसल कारचं युग सुरू केलं ते मात्र सुपरचार्जरविना, निव्वळ मोठ्या इंजिनाच्या जोरावर. छोट्या गाडीत मोठं इंजिन हाच तेव्हाचा सोपा मार्ग होता. मोठ्या इंजिनांची चैन संपल्यावर कारखान्यांना सुपरचार्जर पुन्हा आठवला.

आज मसल कारवर तीन जातींचे सुपरचार्जर दिसतात. रूट्स जातीचा हवा नुसती पुढे ढकलतो, ती दाबली जाते इनटेक मॅनिफोल्डमध्ये. ईटन कंपनीने टीव्हीएस मालिकेत रोटरना चार पाकळ्या आणि १६० अंशांचा पीळ देऊन या जुन्या जातीला नवं रूप दिलं. ट्विन-स्क्रू जातीत दोन स्क्रूंसारखे रोटर आतल्या आतच हवा दाबत नेतात. हेलकॅटचा आयएचआय बनावटीचा सुपरचार्जर या जातीचा आहे. तिसरा सेंट्रिफ्युगल, टर्बोच्या पंख्यासारखा, पण पट्ट्यावर फिरणारा. त्याचा बूस्ट इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतो, तर पहिल्या दोघांचा कमी फेऱ्यांपासूनच मिळतो.

ताकद वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पुली बदलणं. सुपरचार्जर पट्ट्याने इंजिनाच्या मुख्य दांड्याशी, म्हणजे क्रँकशी, जोडलेला असतो. क्रँकची पुली ७.५ इंचांची आणि सुपरचार्जरची ३ इंचांची असेल, तर तो क्रँकच्या अडीचपट फिरतो. इंजिन ६,००० फेऱ्यांवर असताना रोटर १५,००० वर. वरची पुली पावणेतीन इंचांची केली, की तोच रोटर १६,३०० च्या पुढे जातो आणि बूस्ट चढतो. एक पुली, एक पट्टा आणि अर्ध्या दिवसाचं काम.

या उपायाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे २००३-०४ ची फोर्ड मस्टँग एसव्हीटी कोब्रा, चाहत्यांच्या भाषेत ‘टर्मिनेटर’. तिच्या ४.६ लिटरच्या इंजिनावर ईटनचा एम-११२ सुपरचार्जर होता. ८ पीएसआय बूस्ट आणि ३९० हॉर्सपॉवर हे कागदावरचे आकडे. छोटी पुली, मोकळा एक्झॉस्ट आणि नवं ट्यूनिंग एवढ्यावर या गाड्या मागच्या चाकांवर मोजलेली ताकद ४०० च्या पुढे नेत. पुलीने हे साधलं, कारण फोर्डने इंजिनाचा खालचा भाग गरजेपेक्षा मजबूत केला होता. आधीच्या कोब्राचा अॅल्युमिनियम ब्लॉक जाऊन ओतीव लोखंडाचा आला, कनेक्टिंग रॉड मॅनली कंपनीचे फोर्ज केलेले आणि कॉम्प्रेशन ८.५ वर उतरवलेलं. जास्तीचा दाब सोसायची सोय कारखान्यातूनच होऊन आली होती.

पण पुलीलाही मर्यादा आहे आणि ती उष्णतेची. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड तापतं, हे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. हवा दाबली की तापतेच. २५ अंशांची हवा हेलकॅटच्या बूस्टएवढी दाबली, तर अगदी आदर्श यंत्रातही ती ७९ अंशांच्या आसपास जाते. खऱ्या यंत्रात शंभरी ओलांडते. डेमन १७० च्या दाबाला आदर्श आकडाच ११० अंशांच्या वर निघतो. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे बूस्टचा काटा वर चढतो पण सिलेंडरमध्ये ऑक्सिजन त्या मानाने वाढत नाही. शिवाय ज्योत पोहोचण्याआधीच मिश्रण स्फोटासारखं पेटू लागतं. हेच नॉकिंग, आणि पिस्टनचा काळ तोच. लहान सुपरचार्जर फार वेगाने फिरवला, की तो हवेपेक्षा उष्णताच जास्त बनवू लागतो. टर्मिनेटरचे मालक पुढच्या टप्प्यावर एम-११२ काढून मोठा ट्विन-स्क्रू बसवतात ते यासाठी. मोठा रोटर तेवढीच हवा कमी फेऱ्यांत देतो आणि ती तुलनेने थंड राहते.

डेमनमध्ये डॉजने यावर एक सुरेख तोड काढली. बूस्ट १४.५ पीएसआयवर नेताना त्यांनी केबिनचा एसी कामाला लावला. ड्रॅग शर्यतीच्या वेळी एसीचं रेफ्रिजरंट केबिनऐवजी इंटरकूलरचं, म्हणजे दाबलेली हवा गार करणाऱ्या यंत्रणेचं, पाणी थंड करायला वळवलं जातं. शर्यत संपून इंजिन बंद झालं, तरी पंखा आणि पंप सुपरचार्जर थंड करत राहतात.

उष्णतेनंतरचा दुसरा खर्च ताकदीचाच. सुपरचार्जर फुकट फिरत नाही. हेलकॅटचा पूर्ण वेगात, म्हणजे १४,६०० फेऱ्यांवर, फिरवायला सुमारे ८० हॉर्सपॉवर खर्च होते. आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या नव्या स्विफ्टचं अख्खं इंजिन साधारण तेवढीच ताकद देतं. ही सगळी ताकद एका पट्ट्यातून जाते. पुली लहान केली की पट्ट्याला धरायला जागा कमी उरते, तो घसरतो आणि बूस्ट पडतो. म्हणून सहा रेषांचा पट्टा काढून आठ किंवा दहा रेषांचा टाकावा लागतो, सोबत नवे टेन्शनर.

हवा वाढली की इंधनही तितकंच वाढायला हवं. बूस्टखाली मिश्रण मुद्दाम जास्त पेट्रोलचं, म्हणजे बारा भाग हवेला एक भाग पेट्रोलच्या आसपास ठेवतात, कारण जास्तीचं इंधन सिलेंडर थंड ठेवतं. इंजेक्टर किंवा पंप कमी पडले, तर मिश्रण नेमकं सर्वांत जास्त दाबाच्या क्षणी पातळ होतं आणि काही सेकंदांत पिस्टनला भोक पडतं. हेलकॅटला पुरणारा एक पंप डेमनला पुरला नाही, तिथे दोन लागले.

इंधनाची जातही मोजावी लागते. २०१८ ची डेमन पंपावरच्या पेट्रोलवर ८०८ हॉर्सपॉवर देते. ८४० साठी शंभरहून जास्त ऑक्टेनचं रेसिंग इंधन आणि वेगळा कंट्रोलर लागतो. डेमन १७० चे १,०२५ तर ई-८५ वर, म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनावरचे. दहा टक्के इथेनॉलच्या नेहमीच्या पेट्रोलवर तीच गाडी ९०० ला थांबते. इथेनॉल बाष्प होताना खूप उष्णता शोषून घेतं आणि नॉकिंगही उशिरा करतं. अमेरिकेत ते मक्यापासून बनतं. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना ते उसापासून करण्याची चांगलीच सवय आहे. मात्र तेवढ्याच हवेला वजनाने पेट्रोलच्या जवळपास दीडपट ई-८५ लागतं. पुन्हा इंजेक्टर, पुन्हा पंप, पुन्हा जाड नळ्या.

मग येते मजबुती. डेमनमध्ये पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग हे सगळं सुधारलं गेलं आणि फेऱ्यांची मर्यादा ६,२०० वरून ६,५०० झाली. डेमन १७० मध्ये सिलेंडर हेड धरून ठेवणारे स्टड आणि बेअरिंग आणखी भक्कम झाले. मागचा अॅक्सल मोठा आला, प्रॉपेलर शाफ्ट तगडा झाला आणि मागे ड्रॅग शर्यतीचे रुंद टायर आले. एवढं करूनच ही गाडी पाव मैल ८.९१ सेकंदांत धावली.

हौशी मालकाच्या बाबतीत या सगळ्याची जबाबदारी ट्यूनरवर येते. तो गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवतो आणि मिश्रण, ठिणगीची वेळ, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, नॉक सेन्सरचा संकेत असं सगळं एकत्र पाहत संगणकातले आकडे थोडे थोडे बदलतो. चांगला ट्यूनर शेवटचे दहा-पंधरा हॉर्सपॉवर मुद्दाम सोडून देतो. डायनो थंड खोलीत असतो आणि गाडी भर उन्हाळ्यात चालणार असते.

ज्यांना एवढी जुळवाजुळव नको, त्यांच्यासाठी तयार किट आहेत. फोर्डने व्हिपल कंपनीबरोबर पाच लिटरच्या मस्टँग जीटीसाठी ३.० लिटरच्या सुपरचार्जरचं किट काढलं. ४६० हॉर्सपॉवरची गाडी त्याने सुमारे ७५० वर जाते. या किटमध्ये सुपरचार्जरबरोबर इंटरकूलर, इंजेक्टर आणि तयार ट्यूनिंगही येतं. अधिकृत डीलरने किंवा प्रमाणित मेकॅनिकने बसवलं तर वॉरंटीही मिळते. कॅलिफोर्नियात मात्र असं किट रस्त्यावर चालवायला तिथल्या प्रदूषण मंडळाचा परवाना क्रमांक लागतो. तो नसलेलं किट फक्त शर्यतीच्या मैदानापुरतं.

भारतात मस्टँग जीटी २०१६ पासून अधिकृतपणे विकली गेली आणि मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर ती दिसते. अशा गाडीच्या मालकाच्या मनात किट मागवायचा विचार येत असेल, तर त्याने मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचावं. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला हे कलम मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ती मनाई पक्की केली. परवानगी असलेल्या मैदानावर चालवण्यासाठी बदल करायचाच असेल, तर खर्चाचा क्रम उलटा धरावा : आधी इंधनपंप, इंजेक्टर, इंटरकूलर आणि इंजिनाची तपासणी, मग चांगल्या ट्यूनरची वेळ, आणि उरलेल्या पैशांत मावेल तेवढाच सुपरचार्जर.